दाजींचं वीजबिल आणि बड्या कंपन्यांची सबसिडी

गेल्या महिन्यात नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत दाजींच्या गाळ्यावर गेलो होतो. दोन लेथ, एक मिलिंग, एक जुनी पॉवर प्रेस आणि कोपऱ्यात सतत फुसफुसणारा कॉम्प्रेसर एवढाच पसारा. गाड्यांच्या सुट्या भागांचं जॉबवर्क, एक पाळी, पाच माणसं. टेबलावर महावितरणचं बिल पडलं होतं आणि त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. दाजींनी ते माझ्याकडे सरकवलं.

"तू एवढं वाचतोस, मग सांग बरं. सारखं कानावर येतं की सरकार कंपन्यांना स्वस्तात वीज देतं, कोट्यवधी वाटतं. ही घे माझी कंपनी. यात कुठाय स्वस्त?"

मी बिल वरपासून खालपर्यंत वाचलं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. दाजींना दोन वाक्यांत उत्तर देता येईना. जे सांगता आलं आणि घरी येऊन जे आणखी आठवलं, ते इथे लिहितो आहे. वीज आणि इंधनाच्या सबसिडीवर वाद पेटला की दोन्हीकडून मोठमोठे आकडे फेकले जातात आणि ऐकणारा मध्येच गोंधळून उभा राहतो. त्याच्यासाठी.

## सबसिडी येते कुठून?

एसटीपासून सुरुवात करू. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. नाशिक-धुळे गाडीत बसलेल्या बाईने अर्धे पैसे दिले, पण गाडीचं डिझेल काही अर्ध्यावर आलं नाही. उरलेला अर्धा भाग राज्य सरकार एसटी महामंडळाला देतं. ही झाली सरळ सबसिडी. वस्तूची किंमत तीच, गिऱ्हाइकाला कमी पडते, फरक सरकारी तिजोरीतून. विजेतही असंच असतं. वीज कायदा 2003 च्या 65व्या कलमात तर स्पष्ट म्हटलंय की राज्य सरकारला कोणाला स्वस्त वीज द्यायची असेल तर ती रक्कम वितरण कंपनीला आगाऊ द्यावी. (आगाऊ हा शब्द कायद्यात आहे. प्रत्यक्षात काय होतं ते कुठल्याही वितरण कंपनीच्या थकबाकीकडे पाहिलं की कळतं.)

दुसरा प्रकार चोरपावलांचा. सरकार पैसे देत नाही, घ्यायचे सोडून देतं. तुमच्या घरच्या बिलात 'वीज शुल्क' नावाची ओळ आहे, ती 16 टक्के असते. हा सरकारचा कर. आता एखाद्या मोठ्या प्रकल्पाला 'या भागात कारखाना काढा, अमुक वर्षं वीज शुल्क माफ' असं सांगितलं, तर त्याच्या खिशात तेवढेच पैसे राहिले. पण अर्थसंकल्पात खर्च म्हणून ती रक्कम दिसत नाही, कारण खर्च झालाच नाही, आवक झाली नाही. दुकानदाराने गल्ल्यातून शंभर रुपये काढून दिले काय आणि शंभराची उधारी खोडली काय, संध्याकाळी गल्ला सारखाच कमी भरतो. केंद्र सरकार 2006-07 पासून अर्थसंकल्पासोबत करसवलतींमुळे बुडालेल्या महसुलाचं एक विवरण देतं. फार कमी लोक ते उघडून बघतात.

आणि तिसरा प्रकार, ज्यावरून सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

## गणपतीची वर्गणी

क्रॉस सबसिडी हा शब्द एकदा समजून घ्यावा लागेल. एका ग्राहकाकडून खर्चापेक्षा जास्त दर घ्यायचा आणि त्यातून दुसऱ्याला खर्चापेक्षा कमी दरात वीज द्यायची, म्हणजे क्रॉस सबसिडी. यात सरकारचा पैसा नसतो. ग्राहकच ग्राहकाला पोसतो.

गल्लीतल्या गणपतीची वर्गणी अशीच असते. मंडप एक, मूर्ती एक, प्रसाद सगळ्यांना सारखा. पण सराफाकडून अकरा हजार, किराणावाल्याकडून हजार, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूकडून एकशे एक. कोणी तक्रार करत नाही, कारण ऐपतीप्रमाणे देणं सगळ्यांना पटलेलं असतं. आपल्याकडे विजेचे दर असेच ठरत आले. शेतीपंप आणि महिन्याला 100 युनिटांच्या आत वापरणारी घरं कमी दराने, उद्योग आणि दुकानं चढ्या दराने. केंद्राच्या 2016 च्या दर धोरणात म्हटलंय की कुठल्याही गटाचा दर सरासरी खर्चाच्या वीस टक्के वर-खाली एवढ्याच पट्ट्यात असावा. तो पट्टा पाळणं सोपं नाही, हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे दाजींच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं: दाजी, या हिशेबाने तुम्ही सबसिडी घेत नाही, देता. हे ऐकून त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

## मग ओरड कशाची आहे?

ओरड आहे सरळ सबसिडीची. 2016 मध्ये राज्य सरकारने विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि उद्योग विभागाच्या वर्गवारीतल्या 'डी' आणि 'डी प्लस' या मागास तालुक्यांतल्या उद्योगांना वीजदरात सवलत देण्याची योजना आणली. वर्षाला 1200 कोटी रुपयांची तरतूद. कारण पटण्यासारखं होतं. मुंबई-पुणे-ठाण्याच्या पट्ट्यात सगळे कारखाने एकवटले, बाकी महाराष्ट्र रिकामा राहिला, आणि शेजारच्या राज्यांत वीज स्वस्त. तर मागास भागात उद्योग टिकावेत म्हणून प्रत्येक युनिटमागे काही सूट.

'प्रत्येक युनिटमागे' या दोन शब्दांत पुढचा सगळा वाद आहे.

आपण नाशिककर, तेव्हा मिसळीवर समजावतो. समजा महापालिकेने जाहीर केलं की होस्टेलला राहणाऱ्या गरीब मुलांचे हाल होतात, म्हणून मिसळीच्या प्रत्येक प्लेटमागे पाच रुपये सूट, फरक पालिका देईल. हेतू चांगला. होस्टेलचा मुलगा सकाळी एक प्लेट खातो, त्याचे पाच रुपये वाचतात. आता एखाद्या मोठ्या कारखान्याच्या कँटीनचा कंत्राटदार त्याच ठेल्यावरून रोज दोन हजार प्लेट उचलतो. त्याचे दिवसाला दहा हजार वाचले. दोघांनाही नियम एकच, पाच रुपये प्लेटमागे. कोणी चोरी केली नाही, कोणी लाच दिली नाही. तरी महिन्याच्या शेवटी पालिकेने हिशेब मांडला तर गरीब मुलांसाठी काढलेली योजना कंत्राटदाराच्या नावावर निघते. त्यात पालिकेची तरतूद ठरलेली असेल तर आणखीच वाईट, कारण कंत्राटदाराच्या टोपात जे गेलं ते मुलाच्या ताटातून कमी झालं.

आता प्लेटच्या जागी युनिट घाला. भंगारातून लोखंड वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीला एका टनाला ढोबळमानाने 500 ते 700 युनिट लागतात. साध्या घरात महिन्याला 100 युनिट धरले, तर एक टन लोखंड म्हणजे एका घराची सहा महिन्यांची वीज. महिन्याला दहा हजार टन काढणारा कारखाना पन्नास ते सत्तर लाख युनिट खातो. युनिटमागे एक रुपया सूट असेल तर त्याचे महिन्याला पन्नास ते सत्तर लाख वाचतात. (एक रुपया हा हिशेबापुरता धरलेला आकडा आहे.) दाजींच्या गाळ्याला महिन्याला तीन हजार युनिट धरले तर तीन हजार रुपये. एकच योजना, एकच दर, एकाच शासन निर्णयाखाली.

1200 कोटींच्या योजनेत हेच घडल्याची तक्रार झाली. मोजके पोलाद कारखाने मोठा वाटा घेऊन जातात आणि ज्यांच्या नावाने योजना काढली ते लहान उद्योग किरकोळीवर राहतात, असं तिचं सार. पुढे एका कंपनीला वर्षाला किती सवलत मिळेल यावर वरची मर्यादा घालावी लागली. ही मर्यादा पहिल्याच दिवशी का सुचली नाही, हा माझा प्रश्न आहे. दोन हजार प्लेटवाला येणार, हे मिसळवाल्या काकांना कोणी शिकवावं लागत नाही.

## जगभर हेच, फक्त भांडी वेगळी

हा काही महाराष्ट्राचा खास दोष नाही. इंधनाची सबसिडी वापरावर मोजली की ती जास्त वापरणाऱ्याकडेच जाते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी अनेक विकसनशील देशांचा हिशेब मांडला तेव्हा वरची 20 टक्के कुटुंबं खालच्या 20 टक्क्यांपेक्षा सुमारे सहापट इंधन सबसिडी घेत होती. 2009 मध्ये पिट्सबर्गला जी-20 देशांनी खनिज इंधनांवरच्या अकार्यक्षम सबसिडी हळूहळू बंद करण्याचं वचन दिलं. त्यानंतर तेरा वर्षांनी, 2022 मध्ये, युक्रेन युद्धाने इंधन भडकलं आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे जगातली अशी सबसिडी एक लाख कोटी डॉलरच्या वर गेली. वचनाचं काय झालं ते यावरून कळतं.

आपल्याकडचं डिझेल आठवा. ते स्वस्त ठेवलं होतं शेतकरी, एसटी आणि मालवाहतुकीच्या नावाने. पण पंपावरच्या पाइपला नाव विचारता येत नाही. ट्रॅक्टर, मॉलचा जनरेटर, मोबाइल टॉवर आणि गंगापूर रोडवरची लांबलचक एसयूव्ही, सगळ्यांना एकच भाव. जानेवारी 2013 मध्ये केंद्राने मोठ्या प्रमाणावर डिझेल घेणाऱ्यांना बाजारभाव लावला आणि त्यात गंमत अशी झाली की फटका बसला एसटीला, कारण ती घाऊक खरेदीदार. एसटीच्या बसेस मग साध्या पंपांवर टाक्या भरायला जायला लागल्या. एसयूव्ही तर आधीपासूनच तिथे रांगेत होती. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर पूर्ण मोकळे झाले तेव्हा तो प्रकार संपला. मोठ्याला वगळायला निघालं आणि गाळणी चुकीची लावली की असं होतं.

## "पण उद्योग तर उलट चढा दर भरतात!"

खरं आहे, वर वर्गणीच्या गोष्टीत तेच सांगितलं. उद्योजकांच्या संघटना हे म्हणतात तेव्हा त्या खोटं बोलत नाहीत. पण 'उद्योग' या एका शब्दात अंबडचा गाळा आणि हजारो कोटींचा कारखाना एकत्र कोंबला की चित्र बिघडतं.

समजा गल्लीतला सराफ म्हणाला, "दरवर्षी अकरा हजार देण्यापेक्षा मी माझ्या दुकानातच गणपती बसवतो." त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही. पण मंडपाचा खर्च तेवढाच राहतो, आणि ते अकरा हजार किराणावाला आणि भाडेकरू यांच्यात वाटले जातात. विजेत हे 2003 च्या कायद्यानंतर शक्य झालं. मोठा ग्राहक महावितरणला बाजूला ठेवून दुसऱ्याकडून वीज घेऊ शकतो. तारा महावितरणच्या किंवा महापारेषणच्या, वीज तिसऱ्याची. याला मुक्त प्रवेश म्हणतात. कायद्याने यावर एक अधिभार ठेवला आहे, म्हणजे सराफाने मंडपाची वर्गणी थोडी तरी द्यावी.

त्यातूनही वाट आहे. वीजप्रकल्प स्वतःचा असेल तर तो अधिभार लागत नाही. 'स्वतःचा' म्हणजे किती? 2005 च्या नियमांप्रमाणे प्रकल्पात किमान 26 टक्के मालकी आणि त्यातली किमान 51 टक्के वीज स्वतः वापरणं. सौर प्रकल्प उभारणारी कंपनी मग पाच-सहा मोठ्या ग्राहकांना सव्वीस टक्के भागभांडवल विकते आणि सगळे मिळून मालक होतात. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा ग्राहकांना आणखी एका अतिरिक्त अधिभारातूनही मोकळं केलं. सगळं कायदेशीर. दुसऱ्या राज्यातून सौर किंवा पवन वीज आणली तर आंतरराज्य पारेषणाचा आकारही माफ होता. 30 जून 2025 पर्यंत सुरू झालेल्या प्रकल्पांना ही माफी पुढची पंचवीस वर्षं मिळते. तारा मात्र फुकट बांधलेल्या नाहीत. ज्याने आकार भरला नाही त्याचा वाटा बाकीच्यांच्या बिलात येतो.

दाजी सव्वीस टक्के मालकी घ्यायला जाऊ शकत नाहीत. त्यांच्या गाळ्याचं छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं आहे आणि गाळा भाड्याचा. ते वर्गणीच्या यादीत राहतात.

आणखी एक बारीक गोष्ट, जी दाजींना सगळ्यात जास्त झोंबली. उच्चदाब ग्राहकांना, म्हणजे जास्त दाबाने थेट वीज घेणाऱ्या मोठ्या कारखान्यांना, लोड फॅक्टरवर सूट मिळत आली आहे. वितरण कंपनीशी करार केलेल्या कमाल मागणीच्या तुलनेत महिनाभर किती सलग वीज वापरली त्याचं प्रमाण म्हणजे लोड फॅक्टर. ते 75 टक्क्यांच्या वर गेलं की वीज आकारात सूट सुरू होते आणि ती 15 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. तर्क बरोबर आहे. रात्रंदिवस सारखी वीज घेणारा ग्राहक वितरण कंपनीला सोयीचा असतो, आणि वीज कायद्याचं 62वं कलम असा भेद करायला परवानगी देतं. पण तीन पाळ्या चालणारी भट्टीच तिथे पोचते. सकाळी नऊला शटर वर, संध्याकाळी सहाला खाली, मध्ये जेवणाची सुट्टी, आणि सणाला बंद, अशा गाळ्याचं गणित कधीच 75 ला पोचणार नाही. त्यात दाजींचं कनेक्शन लघुदाबाचं, म्हणजे ती सूट त्यांच्या यादीतच नाही.

"म्हणजे जास्त खाल्लं की बक्षीस," दाजी म्हणाले. मी त्यांना तर्क पुन्हा एकदा समजावला. त्यांनी मान डोलावली, पण पटल्यासारखी नाही.

## "सबसिडी काढली तर कारखाने गुजरातला जातील"

नाशिकमध्ये हे वाक्य लहान मुलंही म्हणू शकतील. पेठ-सुरगाण्याचा घाट उतरला की पलीकडे गुजरात. त्यामुळे ही भीती इथे खरीखुरी आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही.

पण प्रश्न असा विचारायला हवा की कोणाचा कारखाना विजेसाठी हलतो? ज्याच्या खर्चात विजेचा वाटा मोठा आहे त्याचा. भट्टी, फाउंड्री, रसायनं, कापड. सातपूर-अंबडच्या बहुतेक इंजिनिअरिंग उद्योगांत कच्चा माल आणि मजुरी यांचा वाटा विजेपेक्षा मोठा असतो. तो माणूस इथे टिकतो कारण इथे त्याचा फिटर आहे, टूलरूम आहे, पार्ट घेणारी कंपनी अर्ध्या तासावर आहे. त्याला युनिटमागची सूट हवीच आहे, पण त्याच्यासाठी कारखाना गुजरातला जाण्याचं कारण असलंच तर ते बंद पडणारा फीडर आणि खड्ड्यांचा रस्ता हे असतं.

आणि राज्याराज्यांत 'तू किती सूट देतोस, मी त्यापेक्षा जास्त' असा लिलाव सुरू झाला की फायदा एकाच्याच बाजूला जातो. कांद्याच्या बाजारात व्यापारी बोली लावतात तेव्हा शेतकऱ्याचं भलं होतं. इथे बोली लावणारी राज्यं आहेत आणि माल विकणारी कंपनी. ती शांतपणे उभी राहते. कदाचित ती आधीपासूनच इथेच येणार होती, पण विचारलंय कोणी? मोठ्या प्रकल्पांची खास पॅकेजेस एकेकाला वेगळी ठरवून दिली जातात. दाजींना कोणी वाटाघाटीला बोलावत नाही.

## "शेतकऱ्याला फुकट चालतं, मग कंपनीला का नको?"

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि आकड्यांच्या बाजूने भारी आहे. 2024 पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे. सुमारे 44 लाख शेतकरी, वर्षाला 14 हजार कोटींच्या वर खर्च. त्यापुढे 1200 कोटी म्हणजे चिल्लर. जो म्हणेल की सबसिडीचा मोठा डोंगर कंपन्यांचा नाही, शेतीचा आहे, त्याचं म्हणणं आकड्याने बरोबर आहे.

फरक योजनेच्या घडणीत आहे. साडेसात अश्वशक्ती ही मर्यादा दारातच उभी आहे. दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराचा पंप त्याहून मोठा असेल तर तो बाहेर. ती मर्यादा सगळ्या चुका टाळत नाही. पाणी भरमसाट उपसलं जातं, भूजल खाली जातं, आणि कोरडवाहूवाल्याला विहीरच नाही तर पंप कसला, हे प्रश्न उरतातच. त्यावर वेगळा लेख होईल. पण निदान एका पंपाच्या नावावर शंभर पंपांची सबसिडी जात नाही.

मालेगावच्या यंत्रमागांचंही तसंच. 2024 मध्ये राज्याने यंत्रमागांना जादा सवलत दिली तेव्हा 27 अश्वशक्तीच्या आतल्यांना युनिटमागे एक रुपया आणि त्यावरच्यांना 75 पैसे असा भेद ठेवला. लहान मागवाल्याला पंचवीस पैसे जास्त. भेद लहान आहे, पण सरकारला भांडं मोजता येतं, हे यातून कळतं. घरावरच्या सौर पॅनेलची केंद्राची योजनाही अशीच आहे. 3 किलोवॅटला 78 हजार रुपये मिळतात, आणि कॉलेज रोडच्या बंगल्यावर 10 किलोवॅट बसवलं तरी तेवढेच. सिडकोतल्या भाडेकरूला छप्परच नाही म्हणून काहीच नाही, हा दोष आहेच. पण बंगल्यावाल्याला अडीच लाख तरी जात नाहीत.

गॅसच्या बाबतीत 2015 मध्ये सरकारने विनंती केली आणि एक कोटीहून जास्त लोकांनी सबसिडी सोडली. 2016 पासून दहा लाखांवर करपात्र उत्पन्न असलेल्यांची बंदच केली. एखाद्या मोठ्या कंपनीने आपणहून वीज सवलत सोडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. ऐकलं तर पेढे वाटीन.

## श्रीमंत असणं हा गुन्हा आहे का?

नाही. इथे मी माझ्या डाव्या मित्रांपासून थोडा वेगळा उभा आहे. देशात सौर पॅनेल बनावीत म्हणून केंद्राने दोन टप्प्यांत 24 हजार कोटींची उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना आणली. आधुनिक बॅटऱ्यांसाठी 18,100 कोटी, हरित हायड्रोजनच्या मोहिमेसाठी 19,744 कोटी. सौर पॅनेलच्या पहिल्या टप्प्यात रिलायन्स आणि अदानी या समूहांच्या कंपन्या आहेत. लगेच ओरड झाली की देशातल्या सर्वांत श्रीमंतांना सरकार पैसे वाटतंय.

पण हा पैसा आधी मिळत नाही. कारखाना उभा केला, माल बनवला, विकला, तर मिळतो. पोराला "सायकल घे, मग अभ्यास कर" म्हणणं आणि "पास हो, मग सायकल" म्हणणं यात फरक आहे. हजारो कोटींचा कारखाना लहान माणूस काढू शकत नाही, हेही खरंच. अशा योजनेला माझा तत्त्वतः विरोध नाही. श्रीमंतीपेक्षा मला तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात: पैसा कशावर मोजला, वर झाकण आहे का, आणि बदल्यात काय मिळालं. पोलाद भट्टीला युनिटमागे दिलेल्या सवलतीत पहिल्याचं उत्तर 'वापरावर', दुसऱ्याचं आधी 'नाही', आणि तिसऱ्याचं... किती नवीन माणसं कामाला लागली हे बिलाच्या मागे छापलेलं नसतं.

सबसिडीत न मोजला जाणारा एक भाग मात्र राहून जातो. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राजवळ राहणाऱ्याला विचारा, वाळत घातलेल्या कपड्यांवर काय बसतं. ती राख, तो धूर, त्यामुळे होणारा खोकला आणि दवाखान्याचं बिल, यातलं काहीही विजेच्या किमतीत नसतं. नाणेनिधी यालाही सबसिडीच म्हणतो, आडवळणाची. ती धरून त्यांनी 2022 साठी जगाचा आकडा सात लाख कोटी डॉलर काढला, आणि त्यातला उघड भाग फक्त एक लाख तीस हजार कोटींचा. त्या सात लाख कोटींवर अर्थतज्ज्ञ भांडतात, कारण खोकल्याची किंमत कोणी आणि कशी ठरवायची? पण ती शून्य नाही, हे एकलहऱ्याच्या कुठल्याही घरात कळतं.

## दाजींनी काय करायचं?

एवढं सगळं ऐकून झाल्यावर दाजींनी व्यवहाराचं विचारलं. "बरं, मग मी काय करू? मोर्चा काढू?"

मी दोन गोष्टी सांगितल्या. दर ठरवणारा वीज नियामक आयोग महावितरणच्या प्रस्तावावर जनसुनावणी घेतो. लेखी हरकत कोणीही देऊ शकतो, वकील लागत नाही. तिथे मोठ्या ग्राहकांची माणसं फायली घेऊन, आकडे पाठ करून येतात. गाळेवाले येत नाहीत, कारण दिवसभर शटर बंद ठेवणं परवडत नाही. लोड फॅक्टरसारख्या सवलतींचं गणित त्याच प्रक्रियेत ठरतं.

दुसरी गोष्ट माहिती अधिकाराची. आपण समजतो की आधी अर्ज करायचा, मग तीस दिवस वाट बघायची. पण 2005 च्या कायद्याचं चौथं कलम म्हणतं की काही माहिती सरकारने न मागता स्वतःहून जाहीर करायची आहे. त्यात सबसिडीच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम ठेवली आणि लाभार्थी कोण, हेही येतं. लाभार्थी म्हणजे फक्त रेशनकार्डवाले आणि पंपवाले असं कायदा म्हणत नाही. गावातल्या घरकुलाच्या यादीत कोणाचं नाव आहे ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर वाचता येतं. वीज सवलत घेतलेल्या पहिल्या पन्नास कंपन्यांची नावं आणि रकमा तितक्याच सहज वाचता यायला हव्यात.

दाजींनी खिशाला लावलेली पेन्सिल काढली. "कलम चार म्हणालास ना? पुढे?"

"चार, एक, ख, बारा."

बिल उलटं करून, चहाच्या डागाच्या मागच्या बाजूला, त्यांनी ते लिहून घेतलं. मग प्रेसवरच्या पोराला हाक मारली की कॉम्प्रेसर बंद कर, उगाच कशाला चालू ठेवलाय.